आयांची साक्ष

इतिहास म्हटला कीं आपण प्रथम कागद मागतों. शाळेंत मुलांनाहि आम्ही हेंच शिकवीत आलों. पण ज्या सत्तेनें माणसेंच नाहींशीं केलीं, ती त्यांचे कागद मागें कशाला ठेवील? अशा वेळीं साक्ष कोणाची घ्यावी? लूर्देस पोर्तीयो या बाईंनीं या प्रश्नाचें उत्तर कॅमेऱ्यानें दिलें.

बाईंचा जन्म १९४३ सालीं मेक्सिकोंतील चिवावा येथें झाला. तेराव्या वर्षीं त्या कुटुंबासह लॉस एंजेलिसला आल्या. पुढें सान फ्रान्सिस्को ही त्यांची कर्मभूमि झाली. त्या स्थलांतरित होत्या, स्त्री होत्या आणि समलिंगीहि होत्या. समाजाच्या कडेला उभें राहणें म्हणजे काय, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं. मोठ्या चित्रसंस्थांच्या दारीं न तिष्ठतां त्यांनीं स्वतंत्रपणें काम केलें.

आर्जेंटिनांत १९७६ पासून लष्करी राजवट होती. मानवी हक्कांच्या संघटना बेपत्तांची संख्या सुमारें ३०,००० सांगतात. १९८३ त पायउतार होण्यापूर्वीं राजवटीनें अटकेसंबंधींचीं कागदपत्रें नष्ट करण्याचा हुकूम काढला. पण आया उरल्या होत्या. ३० एप्रिल १९७७ रोजीं त्यांतील चौदाजणी ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकांत जमल्या. ‘थांबूं नका, चालत्या व्हा,’ असें पोलिसांनीं दरडावलें. तेव्हां त्या खरोखरच चालूं लागल्या, आणि फेऱ्या घालण्याचा प्रघात पडला. पांढरा रुमाल ही त्यांची खूण झाली. सुसाना मुन्योस यांच्यासह पोर्तीयो यांनीं त्यांच्यावर काढलेल्या १९८५ च्या अनुबोधपटाला ऑस्करचें नामांकन मिळालें.

मेक्सिकोच्या सीमेवरील सिउदाद हुआरेस शहरांत १९९३ पासून तरुण स्त्रियांचे खून उघडकीस येऊं लागले. त्यांत कारखान्यांत राबणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. अधिकारी उलट त्या मुलींच्याच वागणुकीकडे बोट दाखवीत. ‘सेन्योरीता एक्स्त्राविआदा’, म्हणजे ‘बेपत्ता तरुणी’, या २००१ च्या चित्रपटांत पोर्तीयो यांनीं छिन्नविच्छिन्न देहांचें प्रदर्शन मांडलें नाहीं. त्यांनीं मुलींचीं छायाचित्रें दाखविलीं, खांबांवर गुलाबी पार्श्वभूमीवर रंगविलेले काळे क्रूस दाखविले, आणि आयांना बोलूं दिलें.

त्या चित्रपटानें खून थांबले नाहींत. २० एप्रिल २०२४ रोजीं बाई निवर्तल्या, तेव्हांहि हुआरेसच्या कित्येक आयांना न्याय मिळालेला नव्हता. परंतु सरकारी दप्तरानें ज्यांना निव्वळ आंकडा केलें, त्या मुलींचीं नांवें व चेहरे आज आपल्यासमोर आहेत. उद्यांच्या इतिहासकाराला हीच साक्ष आधाराला घ्यावी लागेल.