टेंभली

टेंभली : महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील आदिवासीबहुल गाव. केंद्र सरकारच्या ‘आधार’ योजनेचा प्रारंभ 29 सप्टेंबर 2010 रोजी येथे झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि संयुक्त पुरोगामी आघाडीच्या अध्यक्ष सोनिया गांधी यांच्या हस्ते गावातील दहा रहिवाशांना बारा अंकी क्रमांक देण्यात आले. देशातला पहिला क्रमांक गावातल्याच एका महिलेला मिळाला. मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष नंदन नीलेकणी या वेळी उपस्थित होते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत टेंभलीचे नाव एका ओळीच्या उत्तरापुरते येते. प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा एक निर्णय दिल्लीतून निघून पाड्यावरच्या माणसाच्या अंगठ्यापर्यंत कसा पोचला आणि वाटेतले कोणते टप्पे मागे ठेवून पोचला, याचा अभ्यास या गावापासूनच सुरू करावा लागतो.

या निर्णयाची सुरुवात कायद्याने झाली नाही. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही आणि विशिष्ट ओळख क्रमांक या दोन योजनांचा मेळ घालण्यासाठी डिसेंबर 2006 मध्ये केंद्राने अधिकारप्राप्त मंत्रिगट नेमला. त्याच्या शिफारशींवरून 28 जानेवारी 2009 रोजी नियोजन आयोगाशी संलग्न कार्यालय म्हणून प्राधिकरण स्थापन झाले, तेही केवळ अधिसूचनेने. जून 2009 मध्ये मंत्रिमंडळाने इन्फोसिसचे सहसंस्थापक नीलेकणी यांना अध्यक्ष नेमले व कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा दिला. निवडणूक न लढवलेल्या, खासगी उद्योगातून आलेल्या व्यक्तीला असा दर्जा देऊन सरकारी यंत्रणेच्या शिरोभागी बसवणे ही त्या काळातली ठळक नियुक्ती होती. दैनंदिन कारभार महासंचालक रामसेवक शर्मा या झारखंड केडरच्या सनदी अधिकाऱ्याकडे होता. पुढे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार परिषद आणि मंत्रिमंडळाची स्वतंत्र समितीही नेमली गेली. प्राधिकरणाला वैधानिक दर्जा देणारे विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केले ते सप्टेंबर 2010 च्या अखेरच्या आठवड्यात, टेंभलीच्या कार्यक्रमाच्या अवघे पाच दिवस आधी. राज्यसभेत ते मांडले गेले डिसेंबरमध्ये. म्हणजे टेंभलीत क्रमांक वाटले गेले तेव्हा संसदेने त्यावर एक शब्दही चर्चा केलेली नव्हती.

नंदुरबारची निवड सहज झालेली नव्हती. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 16,48,295 लोक राहतात आणि त्यांतले सुमारे 69 टक्के अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज आणि पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोली शेजारी शेजारी नांदतात. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या लोकसभा मतदारसंघातून माणिकराव गावित 1981 पासून 2014 पर्यंत सलग खासदार होते. 2004 नंतर ते केंद्रात गृह राज्यमंत्रीही झाले. इंदिरा गांधींच्या सभांची आठवण जपणारा हा काँग्रेसचा बालेकिल्ला. त्यामुळे कार्यक्रमाच्या जागेला राजकीय अर्थ होताच. जाहीर केलेले कारण मात्र वेगळे आणि रास्त होते : ज्याच्याकडे ओळख पटवणारा कागद नाही, त्याला बँकेत खाते उघडता येत नाही, रेशनकार्ड मिळत नाही, योजनांचा लाभ मिळत नाही, अशा माणसापासून सुरुवात करायची.

कागदाचा हा प्रश्न इथे नवा नव्हता. दिवाळीनंतर इथली कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. जिथे काम तिथे रहिवासाचा दाखला नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे आली, तेव्हा आपण कुठल्या पाड्याचे, घर कुठे होते, जमीन किती होती, हे लोकांना कागदावर दाखवावे लागले. 2006 च्या वनहक्क कायद्यात कसणाऱ्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. शहादा परिसरात 1970 च्या दशकाच्या आरंभी आदिवासी शेतमजुरांनी जमीन आणि मजुरीसाठी मोठा लढा उभारला, त्यातही हातातून गेलेल्या जमिनी आणि सातबाऱ्यावरची नावे हाच कळीचा मुद्दा होता. असा जिल्हा ‘आम्ही तुमची ओळख मान्य करतो’ या सरकारी वचनाकडे आशेने पाहणार, हे उघड होते.

कागद नसलेल्यांसाठी नोंदणीच्या नियमांत एक दारही ठेवलेले होते. एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर 2009 मध्ये दिलेल्या अहवालातून ‘परिचयदात्या’ची पद्धत आली. ज्याच्याकडे नाव-पत्त्याचा एकही पुरावा नाही, त्याची ओळख निबंधकाने, म्हणजे नोंदणी करून घेणाऱ्या संस्थेने, नेमलेल्या आणि स्वतः आधारधारक असलेल्या स्थानिक व्यक्तीने सही-अंगठ्यानिशी पटवायची. त्यानंतर दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा, चेहऱ्याचे छायाचित्र आणि नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग एवढी माहिती घेतली जाई. पाड्यावर शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, त्या ओळखीला सरकारदरबारी पुराव्याचे मोल देणारी ही तरतूद योजनेचा गाभा व्हायला हवी होती. तसे झाले नाही. माहिती अधिकारात 2015 मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार सुमारे 83.5 कोटी क्रमांकांपैकी परिचयदात्यामार्फत दिलेले क्रमांक फक्त 2.19 लाख होते, म्हणजे 0.03 टक्के. बाकी सर्वांकडे आधीपासूनच काही ना काही ओळखपत्र होते. टेंभलीच्या मंचावरून जी गरज सांगितली गेली, तिच्या कसोटीवर हा आकडा योजनेविषयीचे सर्वांत कठोर विधान आहे.

दिल्लीतही वाट सरळ नव्हती. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2011 मध्ये विधेयक आहे त्या स्वरूपात नाकारले. गृहमंत्री पी. चिदंबरम यांच्या खात्याची लोकसंख्या नोंदवही आणि नीलेकणींचे प्राधिकरण यांच्यातला वाद जानेवारी 2012 मध्ये मंत्रिमंडळ समितीने राज्ये वाटून देऊन मिटवला व प्राधिकरणाला आणखी 40 कोटी नोंदण्यांची मुभा दिली. जानेवारी 2013 पासून थेट लाभ हस्तांतर सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2013 रोजी आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. सत्तांतरानंतर नरेंद्र मोदी सरकारने योजना अधिक जोमाने पुढे नेली. मार्च 2016 मध्ये धन विधेयकाच्या मार्गाने आधार कायदा झाला आणि जुलै 2016 मध्ये प्राधिकरण वैधानिक बनले. त्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी महाराष्ट्र केडरचे अजय भूषण पांडे होते. क्रमांकधारकांची संख्या त्याआधीच, एप्रिल 2016 मध्ये, 100 कोटींवर गेली होती. टेंभलीतल्या पहिल्या क्रमांकाला कायद्याचा आधार मिळायला साडेपाच वर्षे लागली.

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या 2012 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 26 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल दिला. शासकीय लाभ आणि पॅन यांसाठी आधार वैध ठरले. बँक खाते व मोबाइलसाठीची सक्ती रद्द झाली. बहुमतात न्या. अजय खानविलकर होते, तर न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात धन विधेयकाचा मार्ग घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रातल्या वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात. चंद्रचूडांचे भिन्नमत तर जरूर.

जमिनीवर या साऱ्याचा अर्थ रेशन दुकानात कळतो. दुकानदार पॉस मशीनवर शिधापत्रिकेचा क्रमांक टाकतो, ग्राहक अंगठा ठेवतो, मशीन ठसा सर्व्हरकडे पाठवते आणि होकार आला की धान्याची पावती निघते. ऊसतोड करणाऱ्या किंवा विटा उचलणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही. सातपुड्याच्या दऱ्यांत रेंज नसते. अशा वेळी धान्य नाकारू नये, पर्यायी मार्गाने द्यावे, असे प्राधिकरणाचे ऑक्टोबर 2017 चे परिपत्रक सांगते. आपला हा हक्क किती शिधापत्रिकाधारकांना सांगितला जातो, यावर त्या परिपत्रकाचा उपयोग ठरतो.

वृत्तपत्रांचे प्रतिनिधी योजनेच्या वर्धापनदिनी टेंभलीला येत राहिले. क्रमांक आला, पण रोजगारासाठीचे स्थलांतर थांबले नाही, हे गावकऱ्यांचे म्हणणे त्यांनी वेळोवेळी छापले. 2018 मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबारचा समावेश झाला. जुलै 2024 पासूनच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात. खाते जोडलेले नसेल किंवा भलत्याच खात्याला जोडलेले असेल, तर दुरुस्तीसाठी बँकेत किंवा सेवा केंद्रात जावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. त्यामुळे 2010 मध्ये सुरू झालेली नोंदणी टेंभलीत आजही चालू आहे.