माफ्राचा राजवाडा आणि कुंभाराचे गाव

लिस्बनच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर माफ्रा हे लहानसे नगर आहे. तेथील राजवाडा इतका अवाढव्य आहे, की नगरच त्याच्या आश्रयाला येऊन राहिले आहे असे वाटावे. पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याने अपत्यप्राप्तीसाठी मठ बांधण्याचा नवस केला होता. १७११ साली राजकन्या बार्बारा जन्मली आणि १७ नोव्हेंबर १७१७ रोजी पायाचा दगड बसला. १३ भिक्षूंसाठी कल्पिलेला मठ पुढे ३०० भिक्षूंचा झाला. त्याला राजवाडा आणि बॅसिलिका जोडली गेली. मूळचा जर्मन सुवर्णकार असलेल्या लुदोविसे याने रोममधील बरोक शैलीचे संस्कार येथे आणले. या विस्ताराला पैसा पुरवला तो ब्राझीलच्या सोन्याने, आणि ते सोने आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या श्रमातून निघत होते.

बॅसिलिकेचा अभिषेक आपल्या वाढदिवशी, २२ ऑक्टोबर १७३० रोजी, व्हावा असा राजाचा हट्ट होता. त्यासाठी देशभरातून माणसे सक्तीने आणली गेली. कामगारांची संख्या ४५,००० पर्यंत पोहोचल्याचे सांगितले जाते. आज पाहुणा ग्रंथालयातील सुमारे ३६,००० ग्रंथ आणि पुस्तकांतील कीड रात्री टिपणारी वटवाघळे यांचे कौतुक करतो. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र त्याला कुठे दिसत नाहीत. जुझे सारामागो यांनी १९८२ च्या आपल्या कादंबरीत या अनामिकांसाठी वर्णमालेच्या क्रमाने नावे योजली, ती याच उणिवेपोटी.

माफ्राहून समुद्राकडे जाताना चार-पाच किलोमीटरवर सोब्रेइरो लागते. तेथे जुझे फ्रांको (१९२०–२००९) या कुंभाराने आपल्या बालपणीचे गाव पुन्हा उभे केले. पवनचक्की, चांभाराचे व न्हाव्याचे दुकान, शाळा, पाव भाजण्याची भट्टी. शिवाय मातीच्या बाहुल्यांचे एक छोटे गाव. येथे कोणाचा नवस नव्हता आणि सक्तीही नव्हती. जे व्यवसाय डोळ्यांदेखत लोपत होते, त्यांची आठवण राहावी एवढीच इच्छा होती.

या दोन्ही स्थळांशी आपलाही धागा जुळतो. माफ्राच्या मनोऱ्यांत अँटवर्प व लिएज येथील ओताऱ्यांनी घडविलेल्या घंटांचे दोन प्रचंड संच आहेत. अभिषेकानंतर नऊच वर्षांनी, १७३९ मध्ये, याच राजाच्या कारकिर्दीत चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा भीमाशंकरासारख्या देवळांत येऊन टांगल्या गेल्या. म्हणजे राजाचे वैभव आपल्याकडे पोहोचले ते युद्धाची लूट म्हणून. उलट सोब्रेइरोच्या भट्टीतला 'पाव' आणि दाराची 'चावी' हे शब्द पोर्तुगीज व्यवहारातून नकळत मराठीत आले व घरचेच झाले.

१९१० मध्ये राजेशाही संपली; अखेरचा राजा माफ्राहूनच निघून एरिसेइराच्या किनाऱ्यावरून परागंदा झाला. २०१९ मध्ये राजवाडा जागतिक वारशाच्या यादीत आला, हे योग्यच झाले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने माफ्रा पाहून तेथूनच परतू नये. राजाने काय बांधविले हे माफ्रात कळते. बांधणारी माणसे कशी जगत होती, हे विचारायला कुंभाराच्या दारीच जावे लागते.