सोरा, सुरत आणि भाच्याची फिशटँक

मध्यंतरी सुरतेला जाण्याचा योग आला. सुरत म्हटले की आपल्याला आठवते ती १६६४ साली शिवाजी महाराजांनी लुटलेली श्रीमंत पेठ. मी मात्र उतरलो होतो उधन्याला, मामेबहिणीकडे. आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, आणि गल्लीत गुजरातीइतकीच खानदेशी मराठी.

घरात शिरलो तो भाचा तोंड पाडून बसलेला. पालला सुरत महानगरपालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे, २०१४ साली सुरू झालेले. ते पाहून आल्यापासून याने घरी फिशटँकचा ध्यास घेतला होता. साठवलेल्या पैशांतून दोन फुटी काचेची टाकी, हवेचा छोटा पंप, स्पंजचा फिल्टर आणि चार सोनमासे आणले. पंधरा दिवसांत तीन मेले.

"मामा, पाणी मी रोज सगळं बदलतो. स्पंजसुद्धा नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतो. तरी मरतात!"

"दादा, आता तूच समजाव याला," बहीण म्हणाली, "नाहीतर ती टाकी मी भंगारात देते."

मी पडलो कारकून, त्यातून आर्ट्सचा पदवीधर. मासे मला ताटातलेच जास्त ठाऊक! पण जुन्या गोष्टी वाचायची खोड आहे, आणि त्यातलीच एक गोष्ट इथे उपयोगी पडली. पोराचे चुकत होते ते नेमके त्या स्वच्छतेतच.

गोष्ट १८७७ सालची, फ्रान्समधली. श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया होता तसाच. मग हळूहळू अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. हे काम निव्वळ रसायनाचे की जिवंत कशाचे? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद! वाफ काढून टाकली तरी ते सुरू होईना. शेवटी मातीचे थोडे पाणी ओतले, तेव्हा काही दिवसांनी नळी पुन्हा चालू लागली. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत राबत होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विष. तिसरा त्या मानाने निरुपद्रवी.

भाच्याचा स्पंज म्हणजे हीच नळी. तो कचरा अडवतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम या जिवाणूंना बिऱ्हाड देण्याचे. हा पठ्ठ्या रोज क्लोरीनच्या पाण्याने ते बिऱ्हाड धुऊन काढत होता. रोज नवी टाकी, आणि वीस दिवस कधी पुरे होतच नव्हते. वर नळाचे पाणी थेट टाकीत, म्हणजे क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही. यावर दुकानात 'अँटिक्लोर' म्हणून खडे मिळतात. हे नाव मुळात कापड आणि कागद ब्लीच करणाऱ्यांचे आहे. ब्लीचिंगनंतर उरलेला क्लोरीन मारायला ते हे वापरत. फोटोग्राफरांचा हायपो तो हाच. कापडाच्या गावात राहून पोराला ठाऊक नव्हते! ते नको असेल तर बादलीत एक दिवस पाणी उघडे ठेवले तरी बहुतेक काम भागते.

आता गंमत पाहा. गोठ्याच्या जुन्या भिंतीला लोणा लागतो, तो याच जातीच्या जिवाणूंच्या कृपेने. शेणमुताने मुरलेल्या मातीतले ते नायट्रेट धुऊन, आटवून सोरा काढायचा हा नोनिया लोकांचा पिढीजात धंदा. बंदुकीच्या दारूसाठी युरोपी कंपन्या सतराव्या शतकात सोरा विकत घेत आणि सुरतेच्या बंदरातून जहाजांवर चढवत. ही सुरत अकबराने १५७३ मध्ये जिंकली होती, आणि त्याच अकबराच्या दरबारात सोऱ्याने पिण्याचे पाणी गार करीत. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त रीतच दिली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करायचे, आणि पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालून त्यात ती पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो.

हे ऐकल्यावर भाच्याने लगेच विचारले, "मग टाकीत सोरा टाकू?"

अरे बाबा, नको! सुरईचे तोंड बंद असते ते कशासाठी?

पण प्रश्न योग्य होता, कारण सुरतेचा एप्रिल चाळीस अंशांना जाऊन भिडतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीसच्या पाण्यात जेमतेम ७. शिवाय ऊन पाण्यात अमोनिया अधिक जहाल होतो. चिलर घ्यायचा तर उरलेल्या सगळ्या सामानापेक्षा तोच महाग. मग आठवला आपला माठ. टाकीचे झाकण काढून वर जाळी बसवली, म्हणजे मासे उडी मारून बाहेर पडणार नाहीत, आणि जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका लावला. छप्पन्न लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले, तर हिशोबाने दहा अंश उतरायला हवेत. पण खोलीची ऊब सतत आत येत असते, म्हणून पदरात पडतात दोन-तीन. उडालेले पाणी क्लोरीन घालवून परत भरायचे. अगदीच काहिली झाली तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली, बूच घट्ट लावून, तरंगत सोडायची. अकबराचीच सुरई, फक्त उलटी!

शेजारच्या गल्लीतल्या एका जुन्या टाकीतला मळका स्पंज पिळून त्याचे पाणी आमच्या टाकीत घातले. बहिणीने नाकाला पदर लावला. फ्रेंचांच्या मातीच्या पाण्याचे काम त्याने केले. सोनमासा मूळचा चीनमधला, थंड पाण्याचा. शिवाय घाणही फार करतो. उरलेला एक त्याच शेजाऱ्यांच्या मोठ्या टाकीत सोडला आणि महिनाभराने याच्याकडे चार गप्पी आल्या. त्या उकाड्याला दाद देत नाहीत.

मे महिन्यात फोन आला. पाणी एकतीस अंश, गप्पींना पिल्ले झालेली, स्पंज तपकिरी, आणि तो धुऊ द्यायचा नाही म्हणून आईशी भांडण चालू.

मीही हौसेने पणजीला एक टाकी मांडली, पंखा लावला. पण आमच्याकडची हवाच आधी पाण्याने भरलेली. पाणी उडून जाणार कुठे? अर्धा अंशसुद्धा धड उतरेना. शेवटी टाकी उचलून मागच्या पडवीत, उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवली आहे.