पिंपावरची खूण



बदलापूरजवळ बारवी नदीवर जे धरण आहे, ते भरून वाहू लागले म्हणजे वर्तमानपत्रांतून बातमी येते आणि आपल्या जिवास स्वस्थता वाटते. परंतु ते कोणी व कशासाठी बांधले, ह्याची आठवण थोड्यांसच असते. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ते मुख्यतः कारखान्यांस पाणी पुरविण्याकरिता उभारले. पुढे त्याची उंची वाढविण्यात आली. आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. जांभूळ येथे शुद्ध होऊन ते अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील रासायनिक कारखान्यांकडे जाते, तसेच आसपासच्या शहरांतील घरांच्या नळांनाही येते. कारखाना आणि स्वयंपाकघर ह्यांची तहान जेथे एकच धरण भागविते, तेथे रसायन कशात भरले आहे आणि ते भांडे विश्वासाचे आहे की नाही, हा प्रश्न कोणासच परका नाही.

साफसफाईची रसायने आपण सामान्य समजतो. फरशी धुण्याचे आम्ल, कपडे शुभ्र करणारे हायपोक्लोराइट, मोऱ्या मोकळ्या करणारा कॉस्टिक सोडा ही घरोघर असतात. पण ह्यांतील पहिली दोन एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. जहाजाच्या पोटात कोणता माल कोणाच्या शेजारी ठेवावा, हा विवेक म्हणूनच जीवनमरणाचा ठरतो. मुंबईकरांस हे निराळे सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र होती. कापूस पेटला आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यांत आग विझविण्यास गेलेले जवानही होते.

युद्धोत्तर काळात ह्या विषयास आंतरराष्ट्रीय नियमांचे रूप आले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने १९५६ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. १९६५ साली सागरी वाहतुकीची संहिता सिद्ध झाली. आज परदेशी जाणाऱ्या अशा पिंपावर वर्तुळातील ‘यू एन’ ही अक्षरे, पिंपाचा प्रकार आणि आपल्या देशाची खूण उमटलेली असते.

ही खूण सहज मिळत नाही. प्लॅस्टिकचे पिंप प्रथम त्याच रसायनाने भरून सहा महिने ठेवतात. प्लॅस्टिक मऊ पडते की तडकते, हे काळच सांगतो. पुढे ते उणे १८ अंशांपर्यंत थंड करून उंचावरून आपटतात. मध्यम धोक्याच्या, पाण्याहून फारशा जड नसलेल्या द्रवासाठी ही उंची १.२ मीटर असते. शिवाय हवेचा दाब देऊन गळती पाहतात, आणि तीन मीटर उंच रचलेल्या थराइतका भार ४० अंश उष्णतेत २८ दिवस वर ठेवतात. १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेच्या मुंबईतील प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात.

किरकोळ विक्रीच्या बाटलीची परीक्षा तर अधिकच मनोवेधक आहे. युरोपात अनेक दाहक द्रव्यांच्या बाटलीस मुलांना न उघडणारे झाकण लागते, आणि अंध व्यक्तीच्या बोटांस जाणवावा असा उठावाचा त्रिकोणही लागतो. त्या झाकणाचे परीक्षक साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुले असतात! निरुपद्रवी पदार्थाने भरलेली बाटली त्यांच्या हाती देतात. पहिल्या पाच मिनिटांत शेकडा ८५ मुलांस ती उघडता येऊ नये. कशी उघडतात हे दाखविल्यावरही आणखी पाच मिनिटे शेकडा ८० मुलांनी हरावे. उलट पन्नाशी ओलांडलेल्या माणसांस मात्र ती उघडता आली पाहिजे.

दूरदेशीच्या अनोळखी बालकासाठी आपले कारखानदार एवढी दक्षता घेतात, ही भूषणाची गोष्ट होय. परंतु २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात काय झाले? वालधुनीच्या पात्रात एका टँकरमधून टाकाऊ रसायन सोडण्यात आले, विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांस श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागले. निर्यातीच्या पिंपामागे गिऱ्हाईक, बंदर, जहाज आणि परदेशी कायदा असे चार पहारेकरी उभे असतात. टाकाऊ रसायनास गिऱ्हाईक नाही. त्याची परीक्षा घेण्यास काठावर निजलेल्या माणसांखेरीज कोणी उरत नाही. कायदे आपल्याकडेही आहेत. पहारा मात्र तितका जागता नाही.

आता एक घरगुती सूचना करून रजा घेतो. पाणीकपातीच्या दिवसांत स्वस्त मिळतात म्हणून वापरलेली निळी पिंपे पुष्कळ घरांत येतात, आणि बारवीचे पाणी त्यांत साठविले जाते. त्यांवर ती गोल खूण असली तरी भुलू नका. हे पिंप पडले तरी फुटत नाही, एवढेच ती सांगते; त्यात पूर्वी काय होते आणि त्यातील पाणी प्यावे की नाही, ह्याविषयी ती मुकी आहे. पूर्वीच्या मालाचा कागद खरवडून काढलेला असेल, तर ते पिंप घरात आणू नये, हेच उत्तम.