सात मिनिटांची शाळा

बालपणी पाहिलेल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांचा विषय निघाला की, एरवी महागाई भत्ता आणि बदल्या यांपलीकडे फारसे न बोलणारी मंडळीही एकाएकी बोलकी होतात, असा अनुभव परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांना असेल. त्यातही एक चमत्कार असा की, शेजारच्या टेबलावरील बिहारी किंवा ओडिया सहकाऱ्याच्या आणि आपल्या लहानपणात सण, खाणे, गाणी यांपैकी फारसे काही समान निघत नाही. पण पारध्याच्या जाळ्यासकट भुर्रकन उडून जाणाऱ्या चिमण्यांची गोष्ट निघाली की दोघांच्याही तोंडून तीच चाल बाहेर पडते. 'एक अनेक और एकता' हे त्या चित्रपटाचे नाव. तो पाहिला तेव्हा आपणांपैकी बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. तो कोणी काढला, कोणत्या कचेरीत त्याचा विचार झाला आणि त्याच्या मागेपुढे काय घडले, याची हकीकत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. ती या नियतकालिकाच्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे, कारण तिच्यातील मुख्य पात्र म्हणजे परप्रांती नोकरीत आयुष्य घालविलेली एक मराठी अधिकारी स्त्री होय.

हा सुमारे सात मिनिटांचा व्यंगचित्रपट १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढला. बागेत काही मुले आहेत. त्यांतील धाकट्याला 'अनेक' म्हणजे काय ते कळत नाही आणि मोठी बहीण त्याला ते समजावून देते. आधी सूर्यचंद्र, मग तारे; एक खार, मग पुष्कळ खारी. व्याकरणातील एकवचन आणि अनेकवचन यांचा हा पाठ कधी संपला आणि गोष्ट कधी सुरू झाली, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. गोष्ट पंचतंत्रातली, चित्रग्रीव कबुतराची. परंतु मूळ कथेत चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा आहे. येथे राजा गळाला आहे. साध्या चिमण्या मिळून-जुळून जाळे उचलतात आणि त्यांचे मित्र असलेले उंदीर ते कुरतडतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी खर्चाने काढलेल्या, राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटात हुकूम सोडणारे कोणीच असू नये, ही गोष्ट त्या काळी, अथवा कोणत्याही काळी, सहज घडणारी नव्हे.

निर्मितीला हातभार लावणारी माणसेही पाहण्यासारखी आहेत. चित्रे हलती केली ती भीमसेन यांनी. मुलतानात जन्मलेले हे चित्रकार फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगविण्याच्या कामावर लागले आणि तेथेच ही विद्या शिकले. पुढे १९७७ साली मुंबईतील जागेच्या टंचाईवरचा 'घरौंदा' त्यांनीच दिग्दर्शित केला. संगीत वसंत देसाई यांचे. सावंतवाडीकडच्या या संगीतकाराने 'श्यामची आई' आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांना संगीत दिले होते, आणि त्यांच्या चालींतील प्रार्थना देशभरच्या शाळांतून म्हटल्या जात होत्या. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अखेरीस येणारे एकतेचे हिंदी गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे; विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेत लाहोरास शिकून त्यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. आणि तो कोवळा आवाज होता दाभोळच्या साधना घाणेकर या जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलीचा. साधना सरगम या नावाने ती पुढे सर्वपरिचित झाली. एका छोट्याशा चित्रपटात मुलतान, सावंतवाडी, लाहोर आणि दाभोळ एकत्र आली, ती 'अनेकांतून एक' असे कोणी ठरवून नव्हे. कामाला माणसे लागतात, ती जेथून मिळतील तेथून घ्यावी लागतात, एवढेच.

या सर्वांना एकत्र आणणाऱ्या व्यक्ती म्हणजे विजया मुळे. जन्म मुंबईचा, १९२१ सालचा. १९४० साली विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले ते परत महाराष्ट्राकडे कायमचे असे वळलेच नाही. पाटणा विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या शिक्षणशास्त्रासाठी इंग्लंडात लीड्सला गेल्या. तेथल्या फिल्म सोसायटीत चित्रपट ही नुसती करमणूक नसून वाचण्या-अभ्यासण्याची वस्तू आहे, हे त्यांनी पाहिले आणि परतल्यावर पाटण्यासारख्या ठिकाणी सहकाऱ्यांच्या साहाय्याने फिल्म सोसायटी काढली. १९५४ साली त्या भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयात शिक्षणाधिकारी म्हणून दिल्लीस आल्या. दिवसा फायली आणि सायंकाळी फिल्म सोसायटी, असा तो क्रम होता. देशातील फिल्म सोसायट्यांचा संघ १९५९ साली उभा राहिला तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष आणि विजयाबाई संयुक्त सचिव होत्या. पुढे सेन्सॉर बोर्डाच्या कामानिमित्त मुंबई, मग कलकत्ता. कलकत्त्यास असताना हुगळीत उसळणाऱ्या भरतीच्या लाटेवर त्यांनी स्वतः एक लघुपट काढला. बदली झाली की आपण प्रथम घराचे भाडे आणि मुलांच्या शाळा पाहतो. या बाईंनी प्रत्येक बदलीच्या गावी काहीतरी नवीन उभे केले. (त्यांच्या कन्या सुहासिनी १९६९ च्या 'भुवन शोम'मध्ये चमकल्या. तो चित्रपट एका करड्या रेल्वे अधिकाऱ्याविषयी आहे; आपल्या वर्गातील वाचकांनी तो पाहिला नसेल तर अवश्य पाहावा.) मित्रपरिवारात त्यांना सर्वजण 'अक्का' म्हणत.

इंग्लंडात १९५० पासूनच 'अँडी पँडी'सारखे कार्यक्रम निव्वळ शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी, आईच्या शेजारी बसून पाहावयाचे म्हणून होत होते. अमेरिकेत १९६९ च्या नोव्हेंबरात 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाले. आपल्याकडे इतक्या लहान मुलांची ठरलेली वेळ अशी नव्हती. दूरचित्रवाणी १९५९ साली दिल्लीत आली, १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी पाठही सुरू झाले, पण ते पाठ्यपुस्तकाला धरून असत. बालवाडीच्या वयाच्या मुलाला आमच्या दूरदर्शनने जे दिले ते बहुधा दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या जागेत. म्हणूनच चिमण्यांची गोष्ट केव्हा लागेल याचा नेम नसे, आणि म्हणूनच ती लागली की घरभर हाकाटी होई.

यानंतरचा भाग मला चित्रपटाहूनही अधिक विलक्षण वाटतो. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ साली भारताचे अणुशक्ती खाते आणि अमेरिकेची 'नासा' यांच्यात करार झाला होता: अमेरिकेने आपला उपग्रह एक वर्ष उसना द्यावा आणि भारताने त्यावरून खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवावेत. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. प्रयोग मात्र १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २,४०० खेडी. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु या 'साइट' प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मराठी होते, आणि मुलांच्या कार्यक्रमांसाठी स्थापन झालेल्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राची धुरा विजयाबाईंकडे आली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फूट व्यासाची तबकडी शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात उभी राही आणि आफ्रिकेच्या माथ्यावर थांबलेल्या उपग्रहाकडून चित्र घेई. वीज नसेल तेथे बॅटरीवर काम चाले. सकाळी दीड तास मुलांसाठी राखलेला होता: हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे.

साडेबावीस मिनिटे हा आकडा वाचून हसू येईल. मला तो वाचताना त्या केंद्रातील कारकुनाचे तक्ते दिसतात. पाच ते बारा वर्षांची, निरनिराळ्या इयत्तांची किंवा कोणत्याच इयत्तेत नसलेली, कधी चित्रपटही न पाहिलेली मुले एकाच पडद्यापुढे बसणार. त्यांच्यासाठी दिल्लीतील, कटकमधील, हैदराबादमधील माणसांनी रोजचा मजकूर पुरवावयाचा, आणि तो वर्षभर. हे सर्व वर्ष आणीबाणीचे होते, हेही येथे नोंदले पाहिजे. शहरी माणसांनी आखलेल्या त्या सकाळी सर्वच सरस होत्या असे कोणी म्हणणार नाही. प्रयोगाच्या पाहणीत मुलांच्या भाषेत वाढ दिसली. शाळेच्या पटसंख्येवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. पाटी-पुस्तकाचा आणि शेतावरील मजुरीचा प्रश्न पडद्याने सुटत नाही, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट झाले, आणि ते सरकारी अहवालांत प्रामाणिकपणे लिहिले गेले, ही गोष्ट मला त्या मंडळींना भूषणावह वाटते.

३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली. करारानुसार उपग्रह अमेरिकेने परत नेला. काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांच्या साहाय्याने कार्यक्रम पुढे चालू राहिले. बाकीच्या खेड्यांत १ ऑगस्टच्या सकाळी पडदा रिकामा होता. सहा-सात वर्षांच्या ज्या मुलाला वर्षभर रोज सकाळी गोष्ट मिळत होती, त्याला हे कसे समजावले असेल? 'उसना उपग्रह' हा शब्द कोणत्या मास्तरांनी त्याला उलगडून सांगितला असेल?

या कामासाठी टिकणारा आपला स्वतःचा उपग्रह मिळण्यास १९८३ उजाडले. 'इन्सॅट-१ ब'मुळे मुलांच्या कार्यक्रमांना पुन्हा जागा मिळाली. १९८४ साली दिल्लीचे ते केंद्र केंद्रीय शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्थेत विलीन झाले आणि सहा राज्यांत राज्यसंस्था निघाल्या. महाराष्ट्राची पुण्यास, तीच आपली 'बालचित्रवाणी'. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा असे वयाचे दोन गट धरून हे कार्यक्रम होत.

प्रस्तुत लेखकाची पिढी ही त्या बालचित्रवाणीची शेवटची पिढी म्हणता येईल. आमच्या घरी कृष्णधवल संच होता. पत्र्यावर चढून अँटेना फिरविण्याचे काम थोरल्या ताईकडे आणि खिडकीतून ओरडून वार्ता देण्याचे माझ्याकडे. "आलं का रे?" "नाही गं ताई, अजून मुंग्याच आहेत!" मग एकदम चित्र यावे, ताईने धावत खाली उतरावे आणि तेवढ्यात 'व्यत्यय' ही पाटी झळकावी. पुठ्ठ्याचे प्राणी, कळसूत्री बाहुल्या, कागदाच्या होड्या, सावकाश आणि स्पष्ट मराठी बोलणारी एखादी ताई, एवढेच भांडवल. गावात केबल आल्यावर परदेशी व्यंगचित्रांपुढे ते फिके दिसू लागले, हे खरे. तरीही 'फिके' हा शब्द आज मी जपून वापरतो. त्या ताईंच्या बोलण्यात एक गोष्ट होती, ती नंतरच्या भपक्यात क्वचित आढळली: समोरच्या मुलाने उत्तर द्यावे म्हणून त्या थांबत. आणि आम्ही उत्तर देत असू!

बालचित्रवाणी २०१७ साली शासनाने बंद केली. तत्पूर्वी कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले होते. अनुदान कोणी द्यावयाचे, केंद्राने की राज्याने, हा प्रश्न आपणांपैकी कोणालाही अपरिचित नाही. अशा टिपण्या आपण लिहिलेल्या आहेत, वाचलेल्या आहेत, आणि 'पुढील आदेशापर्यंत प्रलंबित' म्हणून कपाटात ठेवलेल्याही आहेत. ज्या फिल्म्स डिव्हिजनने चिमण्यांना उडविले, तीही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. संस्था जुन्या होतात, नव्या निघतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती अशी की, कारखाना बंद झाला तर त्याच्या यंत्रांची यादी होते; मुलांसाठी बोलण्याची जी कसबी रीत त्या खोल्यांत तीस-पस्तीस वर्षे घडली, तिची यादी करण्याचे कलम कोणत्याच नमुन्यात नाही.

विजयाबाई २०१९ च्या मे महिन्यात दिल्लीत निवर्तल्या. वयाची अठ्ठ्याण्णव वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना परदेशी चित्रपटांतील भारताच्या चित्रणावर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तरी मृत्युवार्तांतून त्यांची ओळख देण्यात आली ती चिमण्यांच्या चित्रपटावरूनच. त्यांचे नाव लक्षावधी मुलांच्या डोळ्यांपुढून गेले होते. पण नामावली वाचता येण्याच्या वयाची ती मुले नव्हतीच.

'साइट'च्या वर्षी जे पंचविशीत होते ते आज पंचाहत्तरीत आहेत. रायचूर, ढेंकानाल, मुझफ्फरपूर अशा जिल्ह्यांत त्या सुमारास नोकरीस असलेली, गटविकास कचेरीत, आकाशवाणीत किंवा शाळा-तपासणीच्या कामावर असलेली मराठी माणसे या अंकाच्या वाचकांत अथवा त्यांच्या वडीलधाऱ्यांत असतील. शाळेच्या आवारात ती जाळीची तबकडी कोठे उभी होती, सकाळी मुले किती वेळ आधी येऊन बसत, १ ऑगस्ट १९७६ रोजी ती काय म्हणाली, यांपैकी जे आठवत असेल ते त्यांनी दोन पानांत लिहून संपादकांकडे पाठवावे, अशी माझी विनंती आहे.