खाकी आणि डंगरी

मुंबईच्या डोंगरीचे नाव जगभर फिरते आहे, पण ते नाव अंगावर घालून हिंडणाऱ्यांना डोंगरीचा पत्ताही ठाऊक नसतो. या भागातल्या जाड्याभरड्या सुती कापडाला गोऱ्या व्यापाऱ्यांनी 'डंगरी' म्हटले, आणि पुढे त्या कापडाच्या कामकरी पाटलोणीलाच इंग्रजीत ते नाव पडले. दुसरे कापड खाकी. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावरकडे उभ्या राहिलेल्या 'गाइड्स' पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे घातले, आणि पन्नास-साठ वर्षांत इंग्रजांची व अमेरिकनांची फौज त्याच रंगात बुडाली. एक कापड कामगाराचे, दुसरे शिपायाचे. दोन्ही आपल्याच बाजूची.

परदेशी कंत्राटाच्या कामावर निघालेल्या गवंड्याने किंवा सुताराने ट्रंकेत यांतले कोणते भरावे? प्रश्न तसा घरच्या बायकांनी सोडवावा इतका साधा. उन्हात काय सोसवेल, धुतल्यावर काय लवकर वाळेल, बूट किती दिवस टिकतील, एवढे पाहिले की झाले. पण १९४१ साली एका बेटावर हा साधा प्रश्न हजारावर माणसांच्या जिवाशी येऊन ठेपला. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली दिसत नाही.

ते बेट वेक. होनोलुलूच्या पश्चिमेस दोन हजार मैलांहूनही दूर, पॅसिफिक महासागरात तीन तुकड्यांचे एक पोवळ्याचे कडे आहे. तिन्ही तुकडे मिळून क्षेत्रफळ तीन चौरस मैलही भरत नाही, आणि सर्वांत उंच जागा समुद्रापासून वीस-एकवीस फूट. गोड्या पाण्याचा झरा नाही. पायाखाली पांढरे पोवळे. त्यावरून उन्हाची तिरीप उलटून डोळ्यांत शिरते आणि त्याच्या धारेने बुटांचे तळ झिजतात. अशा जागी अमेरिकेच्या आरमाराला विमानतळ हवा होता. काम कंत्राटदारांच्या संघाला मिळाले आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिली टोळी उतरली. वर्षअखेर तेथे सुमारे साडेअकराशे बिगरलष्करी कामगार होते. सुतार, गवंडी, यंत्रे हाकणारे, आचारी, कारकून. पुष्कळसे आयडाहो आणि त्याच्या शेजारच्या प्रांतांतले. मंदीची वर्षे काढलेली ही माणसे रोजगारासाठी आली होती. बेट राखायला जे नौसैनिक शिपाई होते त्यांची संख्या साडेचारशेच्या आसपास, म्हणजे शिपायापेक्षा गवंडी दुपटीहून अधिक.

आता कायदा पाहू. १९०७ च्या हेग येथील नियमांत लढणारा कोण, हे ठरवताना चार अटी घातल्या आहेत. वर जबाबदार अधिकारी असावा, शस्त्र उघड धरावे, युद्धाचे नियम पाळावेत, आणि लांबून ओळखू येईल अशी ठरलेली खूण अंगावर असावी. या अटी मुख्यतः स्वयंसेवी पथकांसाठी होत्या. शिपायाच्या बाबतीत त्या त्याचा गणवेशच पुऱ्या करतो. त्याच नियमांच्या तेराव्या कलमात वार्ताहर, फौजेमागून माल विकणारे आणि कंत्राटदार यांचीही सोय आहे. लष्कराचा दाखला जवळ असेल तर पकडल्यावर त्यांनाही युद्धकैदी म्हणून वागवावे. पण ही सोय फौजेबरोबर चालणाऱ्यासाठी, बंदूक उचलणाऱ्यासाठी नव्हे. डंगरी घालून ज्याने गोळी झाडली तो कायद्याच्या नजरेत ना शिपाई ना कामगार. त्याला चोरटा लढवय्या ठरवून भिंतीशी उभे करायला शत्रू मोकळा. खाकी घालून जो फावडे मारीत उभा राहिला, त्याला वरून विमानातला माणूस शिपाईच समजणार. कोणताही सदरा घाला, एका बाजूने उघडेच!

आमच्या शाळेत गणवेश न घालून आलेल्या मुलाला दारात थांबवतात. त्या पोराला वाटते, कापडात एवढे काय आहे? मला उत्तर ठाऊक आहे, पण पाचवीच्या वर्गात ते सांगण्याजोगे नाही.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी वेकवर बॉम्ब पडले. वेक तारीखरेषेच्या पलीकडे असल्याने तेथे ती ८ डिसेंबर होती. कामगारांपैकी काही जण झुडपांत दडून बसले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्याला नाही. पण शेकडो जण पुढे आले. त्यांनी वाळूची पोती भरली, तोफगोळे वाहिले, जेवण पोचवले. काही तर तोफांवरच उभे राहिले. ११ डिसेंबरला जपानी आरमाराचा पहिला हल्ला या मूठभर लोकांनी परतवला आणि त्यात दोन विनाशिका बुडाल्या. २३ तारखेला जपानी पुन्हा आले, किनाऱ्यावर उतरले, आणि त्याच दिवशी बेटाने शरणागती दिली.

पुढची गोष्ट अशी की, जिंकणाऱ्यांनी कैद्यांच्या अंगावरचे कपडे उतरवले, टेलिफोनच्या तारांनी हात बांधले आणि विमानतळाच्या धावपट्टीवर बसवून ठेवले. खाकी गेली, डंगरी गेली. दिवसा ऊन, रात्री पाऊसवारा, आणि उघड्या पाठीवरून शिपाई कोणता व सुतार कोणता हे ओळखण्याची काही सोय नाही. जानेवारी १९४२ मध्ये बहुतेकांना 'निट्टा मारू' जहाजात कोंबून शांघायजवळ वूसुंगच्या छावणीत नेले. वेकच्या उन्हासाठी घेतलेल्या पातळ कपड्यांत त्यांनी चीनचा हिवाळा काढला. ट्रंक भरताना घरच्यांनी लोकरीचा विचार कशाला करावा?

काही कामगार बेटावरच कामाला ठेवले होते. त्यांतल्याही बऱ्याच जणांना पुढे हलवले, आणि अखेरीस ९८ उरले. ऑक्टोबर १९४३ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन विमानांनी बेट झोडपले. आता उतरणार, अशा धास्तीने अ‍ॅडमिरल साकाइबाराने ७ ऑक्टोबरला या ९८ जणांना डोळे बांधून किनाऱ्यावर नेले आणि मशीनगनने मारवले. एक जण निसटला. तो कोण, हे आजवर कळलेले नाही. पुन्हा सापडून ठार होण्यापूर्वी त्याने एका पोवळ्याच्या खडकावर अक्षरे कोरली: '९८ यू.एस. पी.डब्ल्यू. ५-१०-४३'. पी.डब्ल्यू. म्हणजे युद्धकैदी. दाखला, खूण, गणवेश यांतले काहीही जवळ नसताना त्या कामगाराने आपल्या माणसांना जो दर्जा दिला तो हा. साकाइबाराला १९४७ साली ग्वाम बेटावर फाशी झाली.

अमेरिकन आरमारातले अ‍ॅडमिरल बेन मोरेल यांनी या पेचातून वाट काढली. बांधकामाच्या कंत्राटी माणसांऐवजी गणवेशातली बांधकाम पलटण हवी, ही त्यांची मागणी ५ जानेवारी १९४२ रोजी मान्य झाली. याच पलटणींना पुढे 'सीबी' हे नाव पडले. सुरुवातीच्या भरतीचे सरासरी वय ३७ होते. म्हणजे संसारी, हातात कसब असलेली माणसे. तोच गवंडी, तेच फावडे. फक्त अंगावर आरमाराचा गणवेश आला, आणि त्याबरोबर गोळीला गोळीने उत्तर देण्याचा हक्क आला. गंमत अशी की, त्या आरमाराचा कामाचा पोषाख डंगरीच होता. आपल्या डोंगरीचे कापड अशा रीतीने गणवेशात जाऊन बसले.

आपल्याकडेही या प्रश्नाची सावली पडलेली आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूत येथे जी फौज शरण गेली ती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या सुमारे तेरा हजारांत साडेतीन हजारांच्या आसपास पाणके, आचारी, मेहतर असे न लढणारे लोक होते. वाळवंटातून उत्तरेकडे पायी हाकलताना लढणारा आणि पाणी भरणारा असा भेद कोणी केला नाही. इतिहासात पलटणींची नावे येतात. पाणक्यांची येत नाहीत.

१९४९ च्या जिनिव्हा कराराने फौजेबरोबरच्या कंत्राटी माणसाला ओळखपत्र द्यावे असे ठरवले. इराकच्या युद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या कंत्राटांतही कलम आहे, की वरिष्ठ सेनापतीच्या लेखी परवानगीशिवाय कंत्राटदाराच्या माणसाने लष्करी कपडे घालू नयेत. नियम शहाणपणाचा आहे. पण २००४ साली इराकमध्ये मालमोटारी हाकणारे तीन भारतीय चालक पळवले गेले, तेव्हा त्यांनी कोणता सदरा घातला आहे हे पळवणाऱ्यांनी पाहिले नाही; मोटारीत माल कोणाचा, एवढेच पाहिले. सुदैवाने सप्टेंबरात ते सुटले.

वेकच्या लढाईत भाग घेतलेल्या कामगारांना अमेरिकन सरकारने माजी सैनिकांचा दर्जा दिला तो १९८१ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. विशीत गेलेले तोवर साठीला आले होते, आणि चाळिशीत गेलेल्यांतले फार थोडे उरले होते. बेटावरून नेलेल्या अस्थी होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत एकाच मोठ्या थडग्यात ठेवल्या आहेत. पुरतेवेळी त्यांतल्या शिपायांच्या कोणत्या आणि सुतार-गवंड्यांच्या कोणत्या, हे वेगळे करता आले नाही.