झाकण नसलेली पेटी

परवा घरात नातवाच्या खेळण्यांसाठी पेटी घ्यायची टूम निघाली. तो तीन वर्षांचा; मोटारी, ठोकळे, अस्वलं सगळी घरभर. मी म्हटलं, "विकत कशाला? माळ्यावर वडिलांची सागवानी पेटी आहे ना!" पेटी खाली आली. सून काही बोलली नाही, नुसतं ते जड झाकण उचलून बघत राहिली. आणि मला १९५८ चा मे महिना आठवला.

लपंडाव चालला होता. राज्य माझ्यावर. धाकटा भाऊ काही सापडेना. तो याच पेटीत गोधड्यांवर बसला होता; झाकण पडलं आणि बाहेरची कडी कोयंड्यात अडकली. आम्ही शेजारच्या खोलीत होतो, पण त्याची हाक कोणालाच ऐकू आली नाही. आईने सहज गोधडी काढायला पेटी उघडली म्हणून तो वाचला. घामाने चिंब, आवाज बसलेला.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळी बघायची खोड जात नाही. त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९५८ ला, अमेरिकेत एक कायदा लागू झाला. तिथे टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं लपायला जात. त्या काळच्या फ्रिजला खटक्याची कडी असे, ती आतून उघडत नसे. हवा नाही, आवाज बाहेर जात नाही. कित्येक मुलं गुदमरून गेली. मग १९५६ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा केला, की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. आज आपल्या फ्रिजच्या रबरात लोहचुंबकाची पट्टी असते ना, ती पद्धत रुळण्यामागे हा कायदाही आहे. पण जुने फ्रिज पुढेही अनेक वर्षं अंगणात, भंगारात पडून होते, आणि मुलं जातच राहिली. कायदा नव्या वस्तूला लागू होतो, माळ्यावरच्या नाही.

पुढे खेळण्यांच्या पेट्यांचेही नियम झाले. वाकून खेळणं काढणाऱ्या लहानग्यांच्या मानेवर झाकण पडून मृत्यू झाले होते. म्हणून झाकण सोडलं तिथेच थांबलं पाहिजे, पेटी भिंतीला टेकवली तरी हवेची भोकं बुजता कामा नयेत, आणि आतल्या मुलाने ढकललं की झाकण उघडलं पाहिजे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं.

वडिलांची पेटी धान्य आणि कागदपत्रं राखायला केलेली. चोर बाहेरून येणार, एवढाच विचार ती करणाऱ्या सुताराने केला होता. आत कोणी मूल बसेल, हे त्याच्या मनात कशाला येईल?

सुताराला बोलावलं. त्याने कडी-कोयंडा काढला, बिजागऱ्या काढल्या, कडा घासून गोल केल्या. झाकणाची फळी भिंतीला ठोकली, तिच्यावर आता पुस्तकं आहेत. वडिलांच्या वस्तूची मोडतोड केली म्हणून थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, बरं केलंस."

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. एकदा तिची कडी बघा.